समोरच्या बाजूला आम्ही राहतो, सर

मा. कुलगुरू साहेब आणि विद्यापीठाच्या परिषदेवरचे सगळे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी तुमच्या मागच्या गेटसमोरची मेसवाली काकी. बावीस वर्षं झाली मेस चालवतेय, तुमच्या आत्ताच्या प्राध्यापकांतले दोन-तीन जण विद्यार्थी असताना माझ्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवायला होते, एकाचे शेवटच्या महिन्याचे पैसे अजून यायचेत पण ते जाऊ दे. हेच सगळं लिहून तुमच्या ऑफिसात दोनदा दिलं, शिक्का बसला, आवक नंबर पडला, पुढे सामसूम. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. विद्यापीठाचं आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, आमची चूल त्या नावावर पेटते आणि ते खराब करायची हौस नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

झालंय काय ते आधी बाहेरच्यांसाठी सांगते. नगरपरिषदेने शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर केला. आमचा मागचा रस्ता, म्हणजे बाजारपेठेपासून विद्यापीठाच्या कंपाउंडच्या कडेकडेने जाऊन हायवेला लागणारा, जिथे आज समोरून एसटी आली तर रिक्षावाल्याला गडग्याला चिकटून उभं राहावं लागतं, तो त्यात १८ मीटर दाखवलाय. आणि त्याच्या टोकाला जुनी बाजारपेठ पाडून पुनर्विकास, खाली दुकानं वर फ्लॅट. हरकती-सूचनांना कायद्याने ३० दिवस असतात. वाडीतल्या लोकांनी हरकती लिहिल्या, कुणी वहीच्या पानावर तर कुणी वकिलाला पैसे देऊन. आणि खरं सांगू का, आम्ही सगळे निवांत होतो, कारण आमच्या मनात पक्कं होतं की विद्यापीठ आहे ना, एवढी शिकलेली माणसं आहेत, ते आपल्यापेक्षा नीट मांडतील.

मुदत संपली तरी कुणाला काही कळेना विद्यापीठाने काय लिहिलंय ते. विचारलं तर "वर पाठवलंय" एवढंच. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि बरोब्बर तिसाव्या दिवशी, एक दिवससुद्धा आधी नाही, तुमच्या पत्राची प्रत हातात आली. दीड पान. त्यातली तीन वाक्यं मला आता पाठ झालीत. पहिलं, विद्यापीठास सदर रस्त्यास तत्त्वतः हरकत नाही. दुसरं, विद्यापीठाची कमान व संरक्षक भिंत बाधित होऊ नये. तिसरं, त्यासाठी रस्त्याची आखणी शक्यतो समोरच्या बाजूस सरकविण्यात यावी.

समोरच्या बाजूला काय आहे सर? तुम्ही गाडीतून जाता तेव्हा काच वर असते म्हणून सांगते. तेरा घरं आहेत. माझी मेस आहे, तिच्या शेजारी झेरॉक्स आणि बाइंडिंगवाला, ज्याच्याकडे तुमचे सगळे थीसिस काळ्या कव्हरात सोनेरी अक्षरं होऊन बाहेर पडतात, मग पंक्चरवाला, मग दोन म्हाताऱ्या बहिणींचं कौलारू घर ज्यात पुढच्या पडवीला तुमच्या चार मुली कॉट बेसिसवर राहतात. वाडीचा चव्हाटा आहे, तिथे शिमग्याला पालखी थांबते. विहीर आहे. हे सगळं मिळून तुमच्या पत्रात दोन शब्द झालंय, समोरची बाजू.

आता माझा यात काय संबंध तेही सांगते, नाहीतर उद्या म्हणाल काकीला राजकारण करायचंय. तुमच्या कंपाउंडच्या आत, पाण्याच्या टाकीच्या मागे जो माळ आहे ना, त्यातली सव्वा एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, माझ्या सासऱ्यांची. विद्यापीठ वाढवायचं म्हणून संपादनात गेली. तेव्हा जमीन घ्यायचा कायदा इंग्रजांच्याच काळातला होता, १८९४ चा, जे मिळालं ते मिळालं. सासऱ्यांनी कधी कुरकुर केली नाही, उलट पाव्हण्यांना कौतुकाने दाखवायचे, ती बघा आपली जमीन, आता तिथे पोरं शिकतात. मोजणीला आलेल्या साहेबाने त्यांना तोंडी शब्द दिलेला की वरच्या वाडीला जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, कायम उघडी राहील. ती पाखाडी लॉकडाऊनमध्ये कुलूप लावून बंद केलीत ती आजतागायत. वरच्या वाडीतली मुलं शाळेला जायला तुमच्या भिंतीला वळसा घालून येतात, भर पावसात, त्याच रस्त्याने जो आता १८ मीटर होणार. म्हणजे एकदा आम्ही जमीन दिली, मग वाट गेली, आणि आता राहिलेलं घर तुम्ही दुसऱ्याला सुचवताय.

रस्ता नकोच असं आमचं म्हणणं नाही हे आधी स्पष्ट करते. गेल्या पावसात शेजारच्या काकांना रात्री छातीत दुखायला लागलं तर अँब्युलन्स नाक्यावर उभी करून त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागलं. रस्ता हवा. गटार हवं, फुटपाथ हवा, विजेचे पोल बाजूला घ्यायला हवेत. पण १८ मीटर कशाला? माझा भाचा आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे, त्याने मला पोळीभाजी खाता खाता समजावलं. २०२० च्या डिसेंबरपासून राज्यात बांधकामाची जी एकत्रित नियमावली लागू झाली त्यात किती बांधता येईल हे समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर ठरतं. नऊ मीटरच्या आतला रस्ता असेल तर हात बांधलेले, रस्ता जसा रुंद होत जातो तसा प्रीमियम एफएसआय म्हणजे पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम, टीडीआर म्हणजे दुसरीकडच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क, सगळं वाढत जातं. म्हणजे रस्ता नुसता गाड्यांसाठी रुंद होत नाही, टोकाला उभ्या राहणाऱ्या टॉवरला उंची मिळावी म्हणूनही होतो. मला मेसवालीला हे अर्ध्या तासात कळलं. तुमच्याकडे प्लॅनिंग शिकलेली माणसं आहेत, त्यांना दिसलं नाही असं मी मानणार नाही.

आता माझ्या तक्रारी. नंबर टाकून लिहिते म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

एक. विहिरीची.

ही सगळ्यात मोठी आहे आणि याच्यावरच माझा जास्त राग आहे. माझ्या विहिरीच्या कठड्यावर पांढऱ्या पेंटने १४ लिहिलंय. ते तुमच्या पोरांनी लिहिलंय. दोन वर्षं, दर पंधरा दिवसांनी, एक सर आणि चार-पाच मुलं टेप घेऊन यायची, विहिरीत सोडायची, पाणी किती खाली ते वहीत लिहायची. आमची चौदावी, म्हणजे आधी तेरा होत्या आणि नंतर किती ते मला माहीत नाही. मी प्रत्येक वेळी चहा केलाय, जूनमध्ये भिजून यायची तेव्हा कांदाभजी पण. त्या सरांनीच मला विहिरीच्या काठावर बसून सगळं सांगितलं होतं. वरचा सडा, म्हणजे डोंगरावरचं सपाट कातळ, तो सगळा जांभा दगड, स्पंजसारखा. पाऊस पडला की पाणी भोकाभोकांतून, भेगांतून खाली उतरतं, खाली चिकण मातीचा थर लागला की तिथे अडतं आणि आडवं सरकत सरकत सड्याच्या पायथ्याला झऱ्यातून बाहेर येतं. म्हणून आमच्या विहिरीला मे महिन्यात पण पाणी असतं आणि पलीकडच्या वाडीला मार्चपासून टँकर. आणि तो जो पऱ्या, म्हणजे ओढा, आमच्या मागून वाहतो तो त्या सगळ्याचा निचरा.

आराखड्यात तो पऱ्या नाहीच! जिथे पऱ्या आहे तिथे रस्त्याची कड आहे आणि खालून पाइप. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, ते पाणी पाइपात बसणार आहे का? आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी नकाशा बघून एवढंच विचारलं, "पऱ्याला वाचता येतो काय ह्यो कागद?" आणि रस्ता रुंद करायला सड्याचा पायथा कापणार, म्हणजे बरोब्बर तीच जागा जिथे वर जांभा, खाली ओली चिकण माती आणि मधून झरा. असा उतार कापून ठेवला की पावसात काय होतं हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. परशुराम घाटात चौपदरीकरणाच्या कापणीनंतर दरडी कशा येत राहिल्या आणि २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी घाट रोज दुपारचा कसा बंद ठेवायला लागला ते सगळ्यांनी बघितलंय. २०२१ ची २२ जुलै तर विसरणं शक्यच नाही, चिपळूण पाण्याखाली, आणि त्याच दिवशी महाडजवळ तळीयेत दरड आली, ऐंशीच्या वर माणसं गेली. आमचा उतार तेवढा मोठा नाही मान्य. पण त्याच्या खाली तेरा घरं आहेत आणि वर तुमचं मुलींचं हॉस्टेल आहे, हे तरी बघा.

मी अर्जात विचारलं होतं की विहिरींच्या नोंदी नगरपरिषदेला दिल्यात का. उत्तर आलं, सदर प्रकल्प शैक्षणिक स्वरूपाचा असल्याने आराखड्याशी संबंधित नाही. सर, माझ्या विहिरीत टेप सोडून मोजलेलं माझं पाणी, ते तुमच्या लायब्ररीत शैक्षणिक आणि माझ्या वाडीत असंबंधित कसं काय?

दोन. झाडांची.

कंपाउंडच्या आतल्या झाडांना तुमच्या बॉटनीवाल्यांनी किती छान पाट्या लावल्यात, मराठी नाव, शास्त्रीय नाव, मोबाईलने स्कॅन करायचं ते पण. भिंतीच्या बाहेर तेच वड, तीच जांभूळ, तोच रायवळ आंबा, त्यांच्यावर लाल ऑइल पेंटने नंबर पडलेत. भिंतीच्या आतलं झाड अभ्यासाचं आणि बाहेरचं तोडायचं. झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ ला जी दुरुस्ती झाली त्यात ५० वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज धरलंय, ते तोडायचं तर त्याच्या वयाएवढी झाडं लावावी लागतात. पण वय कोण सांगणार? कॉन्ट्रॅक्टर? तो सांगेल पंचवीस. तुमच्या डिपार्टमेंटने एक दिवस येऊन बुंधे मोजून कागदावर सही केली असती तरी पुरे होतं, गेटपासून चालत तीन मिनिटं लागतात.

तीन. तुमच्याच पोरांची.

हॉस्टेल किती अपुरं आहे ते माझ्यापेक्षा तुम्हाला माहितीय. बाकीची पोरं कुठे राहतात? आमच्या पडव्यांत, माळ्यांवर, मागच्या पत्र्याच्या खोल्यांत. लांब कुठे नाही, इथे, समोरच्या बाजूला. ती घरं गेली की ही पोरं जाणार कुठे, त्या नवीन फ्लॅटमध्ये? ते फ्लॅट कोण घेतं ते आपण किनाऱ्यावर सगळीकडे बघतोय, मुंबई-पुण्याची मंडळी घेतात, मे महिन्यात आणि थर्टी फर्स्टला दिवे लागतात, बाकी वर्षभर खिडक्या बंद. आणि भाड्याने दिलेच तरी शेतकऱ्याच्या पोराला परवडणारेत का. माझ्याकडे आजही सहा जण उधारीवर जेवतायत, कलमांचा मोहोर गळला म्हणून बापाकडून पैसे आले नाहीत. मी त्यांना विचारत पण नाही.

चार. बाजारातल्या मासेवाल्या. बाजारपेठेच्या पुनर्विकासाला तुम्ही परिसराच्या प्रतिमेस पूरक असं म्हटलंय. प्रतिमा म्हणजे काय ते मला कळलं, पाटी घेऊन रस्त्यावर बसणाऱ्या बायका दिसायला नकोत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात स्पष्ट आहे की सर्व्हे झाल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. आमच्याकडे सर्व्हे झालेला नाही. तुमच्या गेस्ट हाउसला पाहुणे आले की सुरमई त्यांच्याकडूनच जाते, एवढं लक्षात असू दे.

पाच. पाखाडीचं वर लिहिलंच आहे.

श्रेय द्यायचं तिथे देते. मे २०२१ ला तौक्ते वादळात आमची कौलं उडाली, चार दिवस लाइट नव्हती, तेव्हा तुमच्याच लोकांनी हॉल उघडून दिला, जनरेटरवर आमचे मोबाईल चार्ज करून दिले, एनएसएसची पोरं माझ्या छपरावर चढून ताडपत्री बांधून गेली. तेव्हा कुणी समोरची बाजू म्हणालं नाही. म्हणूनच जास्त लागलं हो. परक्याने लिहिलं असतं तर एवढं लागलं नसतं.

काही जण म्हणतील विद्यापीठ सरकारी, ते सरकारच्या आराखड्याविरुद्ध कसं बोलणार. अहो पण तुम्ही बोललातच की! भिंतीसाठी बोललात, कमानीसाठी बोललात. म्हणजे बोलायला बंदी नव्हती. हरकत मागवणं हे कायद्यातच आहे, त्यात कसलं आलंय विरुद्ध. आणि घाईघाईत आखलेल्या रस्त्याचं पुढे काय होतं त्याचं उदाहरण आपल्या दारात आहे, मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं आणि २०२४ च्या गणपतीला पण चाकरमानी खड्ड्यांतूनच घरी आले, चिपळुणात तर ऑक्टोबर २०२३ ला उभा राहत असलेला पूलच कोसळला. आमचं घर पाडून दहा वर्षं अर्धवट खडी पडलेला रस्ता मिळाला तर आम्ही कुणाकडे जायचं?

आता मागण्या. मोठ्या नाहीत.

नियोजन समितीपुढे सुनावणी व्हायची आहे, तिच्या आधी तुमच्या पत्रातलं समोरच्या बाजूस सरकवण्याचं वाक्य लेखी मागे घ्या. रस्ता रुंद करायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा घ्या, तुमची भिंत मागे सरकली तर परत बांधता येईल, दोन म्हाताऱ्या बहिणींचं घर परत बांधून होणार नाही. आणि १८ च्या ऐवजी ९ किंवा १२ मीटरमध्ये अँब्युलन्स, एसटी आणि फुटपाथ बसतो का हे तुमच्याकडच्या माणसांनी मोजून कागदावर द्यावं. नाही बसत म्हणाले तर आम्ही ऐकू, पण मोजा तरी.

विहिरींच्या दोन वर्षांच्या नोंदी, पऱ्याचा नकाशा आणि भिंतीबाहेरच्या झाडांची यादी समितीला द्या आणि एक प्रत वाडीच्या मंडळाला द्या. मराठीत द्या. सगळं नको, आकडे आणि एक पान समजावून सांगणारं.

सुनावणीला तुमचा प्रतिनिधी पाठवा, आणि फक्त रजिस्ट्रार ऑफिसचा क्लार्क नको, तो बिचारा सही करून जातो, ज्याने विहिरी मोजल्या त्या सरांना पाठवा. त्यांना बोलू द्या. त्यांच्यावर नंतर काही कारवाई होऊ नये हे मी वेगळं लिहायला नको पण लिहून ठेवते.

वाडीत एकदा या. संध्याकाळी सहानंतर, दुपारी नको, दुपारी माझ्याकडे ऐंशी ताटं असतात आणि बाकीच्या बायका काजूच्या फॅक्टरीत. चव्हाट्यावर बसू, खुर्च्या आम्ही मांडू.

आणि पाखाडीचं कुलूप काढा. याला आराखडा नको, समिती नको, परिषदेची बैठक पण नको. किल्ली वॉचमनच्या खिशात आहे, मी बघितलीय.

सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळे नगरपरिषदेत असणार, त्यामुळे दुपारची मेस बंद राहील. पोरांना आधीच सांगून ठेवलंय. सकाळी नऊच्या आत डबा भरून मिळेल, भाकरी आणि सुकी भाजीच असेल, वरण-भात मिळणार नाही. प्राध्यापकांपैकी कुणाला डबा हवा असेल तर आदल्या रात्री सांगा, आणि सुनावणीला येणार असाल तर आमच्याबरोबरच खा, जास्तीच्या भाकऱ्या टाकेन.

तुमची,
मागच्या गेटवरची मेसवाली काकी
(विहीर नंबर १४)